रायफलीचा पट्टा

चि. छकुलीस,


तू मोबाइलवर पाठवलेलं त्या परदेशी स्लिंगचं, म्हणजे रायफलीच्या पट्ट्याचं, चित्र चष्मा लावून नीट पाहिलं. देखणा आहे, यात वाद नाही. काळं चामडं, चकचकीत बकल, आतून रबर. किंमत वाचून तुझी आजी मात्र म्हणाली, एवढ्यात एक क्विंटल सोयाबीन गेलं की! तिचा हिशेब फारसा चुकत नाही, बाळ. २०२५-२६ चा हमीभाव होता ५,३२८ रुपये, आणि अडत्यापुढे माल टाकल्यावर हाती काय पडतं ते तू लहानपणापासून पाहत आली आहेस. पैसे देणार नाही असं मी म्हणत नाही. तू उधळी नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्या बाबतीत काळजी असते ती एकाच गोष्टीची, तुला सगळं आजच हवं असतं.

आधी एक बघ. एनसीसीत तुला कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, जी पॉइंट टू टू रायफल मिळते, तिच्यासोबत तिचा पट्टा येतोच. तिथे स्वतःचा नेण्याचं काम नाही. दहा मीटरची एअर रायफल तर उभ्यानंच मारायची, तिथे पट्टा चालतच नाही. राहिलं ते तू क्लबात नव्यानं धरलेलं पन्नास मीटरचं प्रोन, म्हणजे आमच्या फौजेतली लेटकर पोझिशन, आणि पुढे कधी नीलिंग. पट्टा हवा तो एवढ्यापुरताच.

तिथे मात्र तो हवाच. आमच्या वेळच्या थ्री-नॉट-थ्रीला सुती विणीचा सव्वा इंच रुंद पट्टा असे, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. खांद्याला अडकवायलाच तो दिला आहे असं नव्या पोरांना वाटायचं. उस्ताद तोच पट्टा डाव्या दंडाला वेढा देऊन ताणायला लावत, आणि मग कळायचं की रायफल हातानं धरलेलीच नाही, ती हाडांवर टेकली आहे. दंड, पंजा आणि पट्टा असा त्रिकोण झाला की रायफलीचं वजन कोपरातून जमिनीत उतरतं, आणि दंडाच्या स्नायूला काही काम उरत नाही. स्नायू थकतो आणि थरथरतो. हाड तसं करत नाही.

म्हणून पट्टा निवडताना बकलाची चमक बघू नकोस. बघायचं ते असं, की दंडावरचा फासा एकदा बसवल्यावर आपोआप आवळत जातो का. जात असेल तर तो नको, बोटं बधिर होतील आणि दहाव्या गोळीपर्यंत चित्त उडेल. तुला आपल्या ढवळ्या बैलाचं जोतं आठवतं ना, सैल राहिलं तर मान सोलायचं आणि आवळलं तर श्वास कोंडायचा, तसंच हे. फासा दंडावर उंच, जाड जॅकेटच्या बाहीवर बसवायचा. दंडाच्या आतल्या शिरेवर आला तर नाडीचा ठोका थेट साइटमध्ये दिसतो, आणि पोरीला वाटतं आपलाच हात कापतोय.

कापडाचं म्हणशील तर साधी जाड सुती पट्टी मला अजून आवडते. ती घसरत नाही, धुता येते, आणि शिवण उसवली तर कोणताही चांभार चार टाके घालून देईल. गुळगुळीत नायलॉन स्वस्त खरं, पण बाहीवरून सरकतं. आतून खरखरीत अस्तर असेल तरच घे. चामडं उत्तमच, फक्त घामानं आणि पावसानं थोडं ताणतं, तेव्हा त्याची निगा राखावी लागते. रुंदी चाळीस मिलिमीटरच्या वर नको, स्पर्धेत चालत नाही. आणि पट्टा हाताच्या एकाच बाजूनं गेला पाहिजे, हाही नियमच आहे.

विकत घेण्याआधी एक कर. आजी या पत्रासोबत बाजेच्या नवारीचा तुकडा पाठवते आहे. पहाटे उठतेसच तू, तर चहाच्या आधी, अंग शांत असताना, सतरंजीवर पालथी पड, जॅकेट घाल, नवार दंडाला बांधून हातात एक काठी धर. डोळे मीट, दोन श्वास घे, उघड. काठीचं टोक जिथून निघालं तिथेच असेल तर लांबी बरोबर. तिथे पेनानं खूण कर. नीलिंगची लांबी वेगळी येईल, तिची खूण वेगळ्या रंगानं. असं महिनाभर चालू दे (हो, महिनाभर, नाक मुरडू नकोस), म्हणजे तुला कोणत्या मापाचा पट्टा लागतो ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही. क्लबातल्या थोरल्या मुलींकडे जुना, वापरून मऊ झालेला पट्टाही मिळेल; शिवण आणि बकल शाबूत असेल तर तोच घे, लाजू नकोस.

आणि तो नेमबाज स्वप्नील कुसाळे आठव, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत टीसी. १ ऑगस्ट २०२४ ला त्याची पॅरिस ऑलिंपिकची फायनल आपण सगळ्यांनी ओसरीत बसून पाहिली. नीलिंग झालं तेव्हा पोरगा सहावा होता, प्रोननंतर पाचवा. तुझी आजी उठून भाकरी थापायला गेली होती. मग स्टँडिंग आलं, जिथे पट्टा सोडून द्यावा लागतो, आणि तिथे तो एकेक गोळी सावकाश टाकत वर चढला, ४५१.४ गुण, कांस्यपदक. पट्टा लागतोच गं, पण तो चढला ते तेवढ्यावर नव्हे.

तर नवार बांधून झाली की माप कळव, इंचात नको, सेंटिमीटरात. पैसे तुरीचा पहिला माल गेल्यावर पाठवतो. फोन करशील तर सकाळी सहाच्या आत कर, त्यानंतर मी वावरात असतो आणि तिथे रेंज नाही. तुझी नव्हे, मोबाइलची.

तुझे,
आबा