कचरा आपला, हात कुणाचे?



घनकचऱ्याचे 2000 सालचे नियम 2016 साली बदलले. ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे, रस्त्यावर कचरा न जाळणे ही नागरिकांची जबाबदारी ठरली. पण दंड करणारा कोणी दिसत नसेल, तर नियम पाळायचा कशाला, असे आपण मनात म्हणतोच.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा हा सर्वांच्या हितासाठी असतो. दंड टळला म्हणून ते हित संपत नाही. पिशवीतली फुटकी काच सफाई कामगाराचा हात कापते. आपण पेटवलेल्या प्लास्टिकचा धूर शेजारच्या तान्ह्या बाळाच्या छातीत जातो.

आपला शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते. आपला शेजारी तर रोज सकाळी कचरा न्यायला दारात येतो. निदान काच तरी कागदात गुंडाळून वेगळी देऊ या.