सारणातला धर्म

मेंढीची एक तंगडी, तीन पौंड चरबी, मिरी, मीठ, लवंग, जायपत्री, भरपूर मनुका, सुकवलेले आलुबुखार, थोडे खजूर आणि संत्र्याच्या सालीचे काप. गर्व्हेस मार्कम या इंग्रज लेखकानं १६१५ मध्ये गृहिणींसाठी पुस्तक लिहिलं, त्यात मिन्स पाय या नाताळच्या भरल्या पदार्थाचं सारण असं दिलं आहे. मटणात खजूर म्हटल्यावर आज कुणीही नाक मुरडेल. पण त्या काळच्या इंग्रजी पानात गोड आणि तिखटमिठाचं असे दोन कप्पे नव्हते. जायफळ-जायपत्री थेट इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून यायची. त्यामुळे ज्या घरच्या सारणाला तिचा वास, त्या घराची ऐपत दाराबाहेरूनच कळायची. वर्षाकाठी एकदा, नाताळात, ही चैन सगळ्यांनाच थोडीफार करावीशी वाटे.

या पायवरून इंग्लंडात देवाधर्माचं भांडण लागलं, आणि ते वाटतं तितकं हास्यास्पद नव्हतं.

तेव्हाचा पाय आजच्यासारखा वाटोळा नि वाटीएवढा नसे. तो मोठा आणि लांबट असे. जॉन सेल्डन हे त्या शतकातले नामांकित कायदेपंडित, पार्लमेंटचे सदस्य. त्यांच्या मृत्यूनंतर, १६८९ मध्ये, त्यांच्या गप्पाटप्पांचा संग्रह प्रसिद्ध झाला. नाताळच्या पायची पारी लांबट करतात ती बाळ येशूच्या गव्हाणीची नक्कल म्हणून, असं त्यात त्यांनी सहज सांगून टाकलं आहे. पाय करणाऱ्या किती बायकांच्या मनात खरोखर गव्हाण होती, देव जाणे. कढईत, भांड्यात, भट्टीत जे मावेल तो आकार, हाही स्वयंपाकघराचा जुना नियम आहेच. पण एकदा कुणीतरी ‘ही गव्हाण’ म्हटलं की प्रश्न उभा राहतो. गव्हाणीची प्रतिमा करायची, तिच्याभोवती सण मांडायचा आणि मग ती खायची, ही भक्ती की मूर्तिपूजा?

प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, लेखी उत्तर उघड होतं. देवाची उपासना कशी करायची हे देवानंच बायबलमध्ये सांगितलेलं आहे. जे सांगितलेलं नाही ते उपासनेत घुसवणं म्हणजे देवाच्या घरात आपलं सामान नेऊन ठेवणं. येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे बायबलमध्ये नाही. तो साजरा करा अशी आज्ञाही नाही. तेव्हा २५ डिसेंबर हा पोपच्या चर्चनं माणसांच्या माथी मारलेला दिवस. ल्यूथरच्या अनुयायांचं म्हणणं याहून सैल होतं: शास्त्रात मनाई नाही ना, मग असू द्या. एकाच धर्मसुधारणेतून निघालेल्या या दोन वाटा. एकीवरून जर्मनीत नाताळ थाटात चालू राहिला, दुसरीवरून स्कॉटलंडमध्ये तो इतका मागे पडला की तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये मिळाली.

दोन्ही पक्ष साक्षीला संत पौलालाच बोलावत, हा यातला मजेदार भाग. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल दिवस, महिने, ऋतू पाळणाऱ्यांना चांगलं फैलावर घेतो. रोमकरांना लिहिताना तोच म्हणतो की कुणी एखादा दिवस विशेष मानेल, कुणी सगळे सारखे मानेल. ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करावी. करिंथच्या बाजारात मूर्तीपुढे ठेवलेलं मांस विकायला येई. ते घ्यावं का, या प्रश्नावर त्याचं उत्तर आणखी बारीक आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा मांसाला काही चिकटलेलं नाही. पण शेजारी बसलेल्या दुबळ्या मनाच्या भावाला त्यानं ठेच लागत असेल, तर सोडून द्यावं. म्हणजे पदार्थ आपल्यापरीनं निर्दोषच. जो काही दोष, तो पाहणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या मनातला.

पार्लमेंटला एवढ्या बारकाव्यात शिरायला सवड नव्हती. देशात राजाविरुद्ध युद्ध चालू होतं. दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी उपवास पाळायचा असा नियम होता, आणि १६४४ मध्ये २५ डिसेंबर नेमका बुधवारीच आला. उपवास की मेजवानी? पार्लमेंटनं उपवासाच्या बाजूनं कौल दिला. त्या दिवशी सरदारांच्या सभागृहापुढे प्रवचन झालं ते एडमंड कॅलमी यांचं. या दिवसाबद्दलची अंधश्रद्धा इतकी खोल रुजली आहे की तिला उपवासात पुरणं हाच सुधारणेचा एक मार्ग उरला, असा त्यांचा सूर होता. पुढे जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्दच झाले आणि नोकरचाकरांना बदल्यात दर महिन्याचा दुसरा मंगळवार सुट्टीचा म्हणून मिळाला. सणाची भरपाई मंगळवारानं होते असं ज्यांना वाटलं, त्यांना माणसांबद्दल किती कळत होतं ते दिसतंच.

इथे एक सांगायला हवं. ‘क्रॉमवेलनं मिन्स पायवर बंदी घातली आणि तो कायदा अजून रद्द झालेला नाही’ ही गोष्ट दर डिसेंबरात नव्यानं सांगितली जाते. पायचं नाव घेऊन केलेला असा कायदा नव्हता. सण रद्द केला तो पार्लमेंटनं, क्रॉमवेल देशाचा सर्वाधिकारी होण्याच्या सहा वर्षं आधी. आणि १६६० मध्ये राजा परत आल्यावर त्या काळातली सगळीच फर्मानं गळून पडली. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा खरोखर झाला आणि तो १६८१ पर्यंत टिकला.

इंग्लंडातल्या बंदीचं पुढे काय झालं हे कँटरबरीत दिसलं. १६४७ च्या नाताळात तिथल्या नगराध्यक्षानं बाजार उघडा ठेवण्याचा हुकूम काढला. लोकांनी उघडलेली दुकानं उधळली आणि दंगा पेटला. पुढच्या वर्षी केंट परगण्यात राजाच्या बाजूनं जो उठाव झाला, त्यात या रागाचा वाटा होता. नाताळ पाळणं म्हणजे राजाच्या बाजूचं असणं, असं समीकरण होऊन बसलं. १६५७ च्या नाताळात जॉन एव्हलिन हे रोजनिशीकार लंडनमधल्या एक्सेटर हाउसच्या चॅपेलमध्ये प्रभुभोजन घेत होते. शिपायांनी चॅपेलला वेढा घातला आणि वेदीपाशी जाणाऱ्या लोकांवर बंदुका रोखल्या. तरी विधी पुरा झाला. नंतर एव्हलिन यांची उलटतपासणी झाली: मनाई असताना हा अंधश्रद्धेचा दिवस का पाळता? त्यांना सोडून दिलं. पण प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या दिवसाला जेवढं महत्त्व दिलं, तेवढं कोणत्याही बिशपनं दिलं नसेल.

प्युरिटनांच्या म्हणण्यात एक गोष्ट वजनदार होती, ती त्यांच्या विनोदी प्रतिमेखाली दडून जाते. माणसानं घातलेला नियम देवाचा म्हणून दुसऱ्यावर लादू नये, हा त्यांचा मूळ आक्षेप. सदसद्विवेकाच्या बाजूनं याहून भक्कम मुद्दा मिळणं कठीण. मात्र पाय करा असं कोणत्याही चर्चनं कधी लादलं नव्हतं. तो घरातून आला होता. ज्या सक्तीविरुद्ध ते उभे राहिले, ती या एका पदार्थाच्या बाबतीत तरी त्यांनीच आणली. गव्हाणीचा आकार मुळात कुणाच्या हातातून आला असेल तो असो; तिला भीतिदायक केलं ते आक्षेप घेणाऱ्यांनी.

राजा परतला आणि पायही परतला. सॅम्युएल पीप्स यांच्या रोजनिशीत १६६६ च्या नाताळची नोंद आहे. लंडनची मोठी आग होऊन चारच महिने झाले होते. पीप्सबाई मोलकरणींकडून पाय करवून घेत पहाटे चारपर्यंत जागल्या होत्या आणि सकाळी त्यांना उठवेना. नवरा त्यांना झोपू देऊन एकटा चर्चला गेला. सणाचं पुण्य कुणाच्या खाती जमा व्हायचं आणि जागरण कुणाच्या, यावर त्या काळच्या एकाही धर्मपंडितानं पुस्तिका लिहिल्याचं दिसत नाही.

पुढे मांसच हळूहळू बाहेर पडलं. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात चरबी, मनुका, पन्नास सफरचंदं, साखर, मसाले आणि ब्रँडी आहे. चार महिने टिकतं अशी हमीही आहे. मांस हवं असल्यास जीभ उकडून घाला, असं शेवटी जोडलं आहे. पाय लहान झाला, गोल झाला, गव्हाण विस्मरणात गेली. राहिली फक्त सुएट, म्हणजे गुरांच्या गुरद्याभोवतीची घट्ट चरबी.

याच चरबीपाशी मराठी माणूस अडतो, आणि तो अडण्याची एक जुनी, कागदोपत्री कथा आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या सेंट मेरी भगिनींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबरला लेक मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, जेवण बदललं नाही. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन, मनोरमेची ‘आजीबाई’, यांना हे खुपत असे. हा जातीचा अहंकार आहे, तो अजून गेलेला नाही, असं त्यांचं मत. ज्या बाईनं ब्राह्मण असून बंगाली कायस्थाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं, तिला हे ऐकावं लागत होतं!

रमाबाईंनी दिलेलं उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात आहे, आणि ते उपरोधानं तापलेलं आहे. हवं तर माझा अहंकार पाय-पुडिंगमध्ये शोधा, दूधलोण्यात शोधा, बूटमोज्यांत शोधा, असा त्याचा रोख. त्यापुढचा सवाल जास्त जिव्हारी लागणारा आहे. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि ज्या सवयींनी शेजाऱ्याला काही इजा नाही त्या तिनं सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल का? रमाबाई तेव्हा ख्रिस्ती होऊन जेमतेम दोनतीन वर्षं झाली होती, आणि पौलानं रोमकरांना जे सांगितलं त्याच्या त्या जवळ जाऊन पोचल्या होत्या. जेराल्डिन यांना त्यांच्या ताटात ब्राह्मणपण दिसत होतं, जसं कॅलमींच्या मंडळींना पारीत पोप दिसला. रमाबाईंच्या नकारात जातीचं काहीच उरलं नव्हतं असं म्हणणं धाडसाचं होईल. लहानपणापासून अंगी मुरलेली किळस बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुऊन जात नाही. पण तिचा हिशेब मागण्याचा हक्क नेमका कुणाचा, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

वाँटेजच्या या भगिनींचं काम पुण्यातही होतं, पंचहौद मिशनमध्ये. १४ ऑक्टोबर १८९० रोजी तिथे व्याख्यानाला गेलेल्या पुण्याच्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कप नुसता समोर ठेवला. गोपाळराव जोश्यांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. हजर असलेल्यांपैकी टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे असं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि सुधारकांचे बोल खाल्ले. चहा पोटात गेला तेव्हा तो चहाच होता. तो धर्म झाला छापखान्यात.

आज लंडनमधल्या मराठी घरात नाताळच्या सुमारास मिन्स पाय झाले तर त्यात विशेष काही नाही. सुएट वनस्पतीतेलाचं मिळतं, नाहीतर लोणी आहेच. किसलेलं सफरचंद, काळ्या मनुका, बेदाणे, लिंबू-संत्र्याची पाकवलेली साल, ब्राउन साखर, दालचिनी, जायफळ, लवंग हे सगळं ब्रँडीत कालवून बरणीत दोनतीन आठवडे मुरवायचं. पारीला मैद्यात गार लोण्याचं मोहन बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळव्याची ऊब लागू न देता, रव्यासारखं कणीदार होईस्तोवर. मग जेमतेम पाणी लावून गोळा. बारा खळग्यांच्या ट्रेमध्ये पाऱ्या बसवून चमचाभरच सारण घालायचं, कारण जास्त झालं की साखर उतू जाऊन पाय ट्रेला चिकटतो. वर झाकण किंवा चांदणी, वाफेला भोक, अंड्याऐवजी दुधाचा हात, २०० अंशांवर वीसेक मिनिटं. रमाबाईंनाही ब्रँडी सोडल्यास यात हरकत घेण्यासारखं फारसं काही सापडलं नसतं.

नाताळापासून बारा दिवस रोज एक पाय खाल्ला की येणाऱ्या वर्षाचे बाराही महिने चांगले जातात, अशी इंग्रजांत एक जुनी समजूत आहे. मोसमातला पहिला पाय खाताना मनात इच्छा धरायची, हीही आहे. चर्चची पायरी न चढणारे लोकसुद्धा गंमत म्हणून हे पाळतात. कॅलमी असते तर यावर त्यांनी तासाभराचं प्रवचन दिलं असतं, आणि या खेपेला त्यांची बाजू १६४४ पेक्षा बरीच भक्कम असती; कारण इथे देवाचा संबंध नाही आणि भरवसा मात्र खरोखरच पायवर आहे.