रस्त्यावरील अहिंसा: प्रमाद, कठडा आणि विवेक

रस्त्यावर जो दुर्बळ आहे त्याच्या जिवाची हमी बलवानाच्या विवेकावर सोपवावी की दगड-काँक्रीटच्या अडथळ्यावर, हा प्रश्न वरकरणी वाहतूक अभियंत्यांचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातील एक जुना वाद आहे. माणसाने स्वतःहून चांगले वागावे यासाठी त्याला मोकळे सोडावे, की त्याच्या हातून वाईट घडूच नये अशी व्यवस्था आधी उभारावी, हा तो वाद होय. शहरातील सायकल ट्रॅकवर तो रोज, आणि बहुधा कोणाच्या लक्षातही न येता, चाललेला असतो. ट्रॅक दोन रीतींनी आखता येतो. डांबरावर रंगाचा पट्टा ओढणे ही पहिली रीत. मोटारींचा प्रवाह आणि सायकलस्वार यांच्यामध्ये एखादी घन वस्तू उभी करणे ही दुसरी. ती वस्तू म्हणजे उंच कर्ब, काँक्रीटचा दुभाजक, बोलार्ड म्हणजे जमिनीत रोवलेले बुटके खांब, झाडांच्या कुंड्या, किंवा न्यूयॉर्कच्या नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूवर 2007मध्ये केले त्याप्रमाणे उभ्या मोटारींची रांगही असू शकते. पट्टा चालकाला विनंती करतो, तर कठडा, म्हणजे अशी कोणतीही घन वस्तू, त्याच्या संमतीची वाट पाहत नाही. कठडा विवेकाची जागा घेत नाही. मात्र एकाचा विवेक क्षणभर ढळला म्हणून दुसऱ्याचा जीव जाऊ नये, एवढी तजवीज करणे हे समाजाचे कर्तव्य असून कठडा हे ते पाळण्याचे साधन आहे, हे येथील प्रतिपादन आहे.

या प्रश्नाला नैतिक धार येते ती रस्त्यावरील विषमतेमुळे. गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तूला तिच्या वेगामुळे प्राप्त झालेली ऊर्जा, वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो वजन ताशी 15 किलोमीटर वेगाने जात असेल आणि शेजारून 1,000 किलोची मोटार ताशी 50 किलोमीटर वेगाने जात असेल, तर मोटारीची ऊर्जा सायकलस्वाराच्या ऊर्जेच्या जवळजवळ 140 पट भरते. या दोघांना ‘रस्ता वापरणारे’ अशा एकाच नावाने संबोधून दोघांकडून सारख्याच सावधपणाची अपेक्षा करणे वरवर समतेचे दिसते, परंतु चुकीची किंमत दोघांना सारखी मोजावी लागत नाही. चालक चुकला तर मोटारीला पोचा पडतो आणि सायकलस्वाराचा जीव जातो; सायकलस्वार चुकला तरी जीव जातो तो त्याचाच. ज्या व्यवहारात चूक कोणाचीही असली तरी शिक्षा नेहमी एकाच पक्षाला होते, त्या व्यवहाराला न्याय्य म्हणता येत नाही.

भारतीय परंपरेत हिंसेचा सर्वांत सूक्ष्म विचार जैन दर्शनाने केला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या येते तिच्या केंद्रस्थानी प्रमाद आहे. प्रमाद म्हणजे असावधपणा, आपल्या कृतीचा दुसऱ्या जिवावर काय परिणाम होईल याची फिकीर नसणे. प्रमादाच्या योगाने झालेला प्राणघात ती हिंसा, असा तिचा आशय आहे. म्हणून मुनींसाठी ईर्यासमिती सांगितली आहे: चालताना पुढची चार हात जमीन निरखावी आणि मगच पाऊल टाकावे, हा तो नियम. पूर्ण सावधपणे चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली नकळत एखादा जीव सापडला तर त्याला हिंसेचा दोष लागत नाही, आणि बेफिकिरीने चालणाऱ्याच्या पायाखाली काहीच सापडले नाही तरी तो दोषी ठरतो, इतक्या टोकाला ही मांडणी जाते. रंगाचा पट्टा प्रत्येक चालकाकडून नेमकी हीच ईर्यासमिती मागतो: आपल्या डावीकडे कोणी आहे का हे त्याने प्रत्येक वळणावर, थकलेला असताना, घाईत असताना, पावसात काच धूसर झालेली असताना निरखावे. मात्र ज्या व्रतासाठी मुनी सर्वसंगपरित्याग करून आयुष्यभर साधना करतो, ते व्रत परवाना काढलेला प्रत्येक माणूस प्रत्येक क्षणी पाळेल असे गृहीत धरून रस्ते बांधणे म्हणजे श्रद्धेला आराखड्याचे रूप देणे होय.

येथे कर्त्याचे नीतिशास्त्र आणि पीडिताचे नीतिशास्त्र यांच्यातील अंतर स्पष्ट होते. कर्त्याच्या बाजूने पाहिले तर हेतू आणि सावधपणा यांना सर्वाधिक महत्त्व आहे. पीडिताच्या बाजूने पाहिले तर चालक दुष्ट होता, बेसावध होता की केवळ दुर्दैवी होता, याने मृत्यू बदलत नाही. म्हणून प्रमादाची संकल्पना एक पायरी मागे नेणे आवश्यक ठरते. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्ते अपघातांत 3,000हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत 400हून अधिक मुले होती. त्या देशातील पालकांनी ‘बालहत्या थांबवा’ असे नाव धारण करणारी चळवळ उभारली, ती या संख्येला अपघात म्हणून स्वीकारण्यास नकार देऊनच. पुढे 1990च्या दशकात तेथे ‘शाश्वत सुरक्षितता’ हे धोरण आकाराला आले. माणूस चुकणारच हे आधी मान्य करावे आणि त्याची चूक प्राणघातक होणार नाही असा रस्ता बांधावा, हे त्याचे मूळ सूत्र होय. स्वीडनच्या संसदेने 1997मध्ये ‘शून्य मृत्यू’चे जे धोरण स्वीकारले त्याचाही पाया हाच आहे. जैन परिभाषेत सांगायचे तर चालक चुकतो हे ठाऊक असूनही केवळ रंगाचा पट्टा ओढून थांबणाऱ्या व्यवस्थेला प्रमादाचा दोष लागतो. भारतात हे अज्ञान होते असेही म्हणता येत नाही, कारण इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेने सायकल ट्रॅकच्या आखणीची मार्गदर्शिका 1962मध्येच प्रसिद्ध केली होती. ज्याला माहीत नव्हते त्याच्या प्रमादापेक्षा ज्याला माहीत होते त्याचा प्रमाद जड असतो.

राज्यशास्त्राच्या अंगाने पाहिले तरी निष्कर्ष वेगळा निघत नाही. महाभारताचे शांतिपर्व आणि कौटिल्याचे अर्थशास्त्र यांत मत्स्यन्यायाची कल्पना येते. मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी दंडशक्तीच्या अभावी बलवानांकडून दुर्बळांची जी गत होते, तिला हे नाव आहे. राज्यसंस्थेचे समर्थन या ग्रंथांत मुख्यतः या भयाच्या निवारणासाठी केलेले आहे. कौटिल्याने तिसऱ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायात रस्ते अडवणाऱ्यांसाठी ‘पण’ या तत्कालीन नाण्यात दंडांची श्रेणी दिली आहे: लहान पशू व माणसे यांची वाट अडवणाऱ्यास 12 पण, मोठ्या पशूंची वाट अडवणाऱ्यास 24 पण आणि हत्तींची किंवा शेताकडे जाणारी वाट अडवणाऱ्यास 54 पण. निरनिराळ्या वाटसरूंसाठी निरनिराळ्या वाटा असाव्यात आणि त्यांचे रक्षण राज्याने करावे, ही दृष्टी यात दिसते. मात्र पायी चालणाऱ्या माणसाच्या वाटेचे मोल येथे सर्वांत कमी ठरले, हेही नोंदवले पाहिजे. दुसरीकडे आपस्तंब धर्मसूत्रात ओझे वाहणारा, रोगी आणि स्त्री यांना सर्वांनी वाट द्यावी असे सांगितले आहे, म्हणजे गरज आणि दुर्बळता हा तेथे वाट मिळण्याचा आधार आहे, जरी त्याच परंपरेने वर्ण आणि पद यांनाही वाटेवर अग्रक्रम दिला. आजच्या न्यायविचाराने कौटिल्याकडून राज्याची जबाबदारी घ्यावी, आपस्तंबाकडून दुर्बळाचा अग्रक्रम घ्यावा आणि दोघांतील उतरंड सोडून द्यावी, हे उचित होय.

कठड्याच्या या समर्थनाविरुद्ध सर्वांत गंभीर आक्षेप नीतिशास्त्राच्या आतूनच येतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या मते कृतीला नैतिक मूल्य येते ते कर्तव्यबुद्धीने केल्यामुळे. कठड्यामुळे जो चालक सायकलस्वाराच्या वाटेत शिरत नाही, त्याच्या न शिरण्यात सद्गुण कोणता, असा प्रश्न यातून उभा राहतो. अशा व्यवस्थेत माणूस निरुपद्रवी होईल पण चांगला होणार नाही, अशी ही भीती आहे. परंतु कांट यांनीच 1797च्या ‘नीतीची तत्त्वमीमांसा’ या ग्रंथात सद्गुणाचे क्षेत्र आणि हक्काचे क्षेत्र वेगळे केले. एखाद्याच्या न्याय्य स्वातंत्र्याच्या आड जे येते त्याला रोखणारी सक्ती ही स्वातंत्र्याशी सुसंगतच असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मोटार सायकलस्वाराच्या स्वातंत्र्याच्या आड येते आणि कठडा त्या मोटारीच्या आड येतो. चालकाचा कोणताही न्याय्य हक्क त्यामुळे हिरावला जात नाही, कारण दुसऱ्याच्या वाटेत शिरण्याचा हक्क त्याला कधीच नव्हता. विहिरीला कठडा बांधणारा गावकरी शेजाऱ्यांच्या शहाणपणाचा अपमान करत नसतो. शिवाय दुसऱ्याचा जीव हे कोणाच्याही नैतिक शिक्षणाचे साधन होऊ शकत नाही, ही अट कांट यांच्या विचारातूनच निघते.

दुसरा आक्षेप व्यवहारातून आला आहे. नेदरलँड्समधील वाहतूक अभियंते हान्स मोंडरमान यांनी द्राख्टेन या गावात चौकातील सिग्नल आणि खुणा काढून टाकल्या. सगळे काही आखून दिले की माणूस विचार करणे थांबवतो आणि संदिग्धता ठेवली की तो समोरच्याच्या डोळ्यांत पाहून सावधपणे पुढे सरकतो, अशी त्यांची धारणा होती. या विचारात सत्याचा मोठा अंश आहे, पण त्याची मर्यादाही त्यातच आहे. वेग अगदी कमी आणि वाहने थोडी असतील तेथेच नजरेचा हा संवाद शक्य होतो, आणि अंध व्यक्तीला तर तो मुळीच शक्य नसतो. वेग वाढला की संवादाऐवजी धाक उरतो, आणि धाकाच्या वाटाघाटीत लोखंडी कवचात बसलेला माणूसच जिंकतो.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो सायकलस्वारांनीच घेतला होता. लंडनच्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर 1934मध्ये स्वतंत्र सायकल ट्रॅक सुरू झाला तेव्हा तेथील सायकलस्वारांच्या संघटनेने त्याला विरोध केला. मोटारींना मोकळा रस्ता मिळावा म्हणून सायकलींना कडेला हाकलले जात आहे, अशी त्यांची शंका होती आणि ती निराधार नव्हती. यातून एक कसोटी हाती येते. कठडा दुर्बळाला कोंडण्यासाठी आहे की बलवानाला आवरण्यासाठी, हे त्याची जागा, रुंदी आणि सलगता यांवरून ओळखता येते. जो ट्रॅक मोटारींच्या वाट्यातून जागा घेतो, सपाट आहे आणि सरळ मुक्कामापर्यंत नेतो, तो न्यायाचा. जो पदपथातून जागा कापतो, विजेचे डीपी बॉक्स आणि बसथांबे यांना वळसे घालतो आणि मध्येच संपतो, तो हद्दपारीचा.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या महापालिकेने 2017च्या अखेरीस सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात 800 किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे कल्पिले होते. मात्र पुण्याच्या ट्रॅकपुढील पेच मोटारीपेक्षा दुचाकीचा आहे. ट्रॅकच्या तोंडाशी लावलेल्या बोलार्डमधील अंतर मोटारीला रोखते. पण ज्या फटीतून सायकल जाते तिच्यातून स्कूटरही जाते, कारण दोहोंच्या हँडलच्या रुंदीत फारसा फरक नसतो. फट आणखी अरुंद केली तर स्कूटर थांबते, पण तिच्याबरोबर अपंगांची तीनचाकी, व्हीलचेअर आणि मागे दुधाचे कॅन लावलेली सायकलही थांबते. कठडा शरीराचा आकार ओळखतो, हेतू ओळखत नाही. चौकाची गोष्टही तशीच आहे. तेथे वाटा एकमेकींना छेदतात, म्हणून कठड्याला थांबावेच लागते. डच अभियंते कोपऱ्यावर एक उंचवट्याचे बेट बांधतात, त्यामुळे वळणारी मोटार सावकाश आणि जवळजवळ काटकोनात ट्रॅकसमोर येते व सायकलस्वार चालकाच्या थेट नजरेसमोर राहतो. पण थांबणे अखेर चालकालाच भाग असते.

यावरून कठडा आणि विवेक यांचे नाते निश्चित करता येते. कठडा विवेकाचे क्षेत्र नाहीसे करत नाही, तर ते माणसाला पेलेल एवढे लहान करतो. दिवसभर प्रत्येक क्षणी अप्रमत्त राहणे सामान्य माणसाला शक्य नाही, पण चौकात दहा सेकंद थांबणे आणि ट्रॅकच्या फटीत स्कूटर न घालणे त्याला निश्चित शक्य आहे. जे अशक्य आहे त्याचा भार व्यवस्थेने उचलावा आणि जे शक्य आहे त्याची जबाबदारी माणसाने टाळू नये, ही कर्तव्याची न्याय्य वाटणी होय.

म्हणून रंगाच्या पट्ट्याला सायकल ट्रॅक म्हणणे नगरसंस्थांनी सोडून द्यावे. वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळीहून परतणारा पहारेकरी आणि शाळेला निघालेली मुलगी यांना त्या पट्ट्यावर जे संरक्षण मिळते ते हक्काचे नसून दयेचे असते, आणि ज्याचा जीव रोज दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून आहे तो माणूस त्या शहराचा पूर्ण नागरिक नसतो. मोटारींचा वेग जेथे जीवघेणा आहे तेथे कठडा बांधणे हे राज्याचे अहिंसाव्रत आहे. आणि जेथे कठडा संपतो तेथे थांबणे हे चालकाचे.