समर्थ आणि सहकारी

एखादी वस्तू एखादे कार्य करण्यास खरोखरच समर्थ असेल, तर तिने ते करण्यासाठी दुसऱ्या कोणाची वाट का पाहावी, हा प्रश्न भारतीय दर्शनांत क्षणभंगवादाच्या, म्हणजे प्रत्येक वस्तू केवळ क्षणभर टिकते या बौद्ध मताच्या चर्चेतून पुढे आला. कणगीत साठवलेल्या बियाला अंकुर फुटत नाही आणि शेतात पेरलेल्या बियाला फुटतो. समर्थाने आपले कार्य लांबणीवर टाकणे असंभव असल्यामुळे ही दोन बिये एकच असू शकत नाहीत, असा बौद्धांचा युक्तिवाद होता. त्याला न्यायदर्शनाने, विशेषतः उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात, असे उत्तर दिले की बी तेच असते. कणगीत त्याला माती, पाणी आणि ऊब ही सहकारी कारणे, म्हणजे मुख्य कारणाच्या जोडीने कार्य घडवणारी साहाय्यक कारणे, मिळालेली नसतात, एवढाच काय तो फरक.

बौद्धांचा प्रतिप्रश्न मात्र सहज टाळता येण्याजोगा नाही. सहकारी कारण बियावर काही उपकार करते, म्हणजे त्याच्यात काही भर घालते की नाही? घालत नसेल, तर त्याची वाट पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. घालत असेल आणि ती भर बियाहून वेगळी असेल, तर अंकुराचे श्रेय बियाला नव्हे, त्या भरीला द्यावे लागेल. आणि ती बियाशी एकरूप असेल, तर जुने बी संपून नवेच बी जन्मले असे मानावे लागेल. हा पेच कागदावर जितका बिनतोड वाटतो तितका तो खरोखर आहे का, याची परीक्षा पाहण्यास मध्य रेल्वेचा बोरघाट हे योग्य स्थळ आहे.

१८६३ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा लोहमार्ग कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे २८ किलोमीटरांच्या अंतरात साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठतो, आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा, म्हणजे दर ३७ मीटर अंतराला एक मीटर उंची, इतका आहे. सपाट मार्गावर एक हजार टनांची मालगाडी चालती ठेवण्यास इंजिनाला काही टनांचे बल पुरते. या चढावर तीच गाडी केवळ स्वतःच्या वजनामुळे सुमारे २७ टनांच्या बलाने मागे खेचली जाते. त्यामुळे मुंबईकडून कर्जतपर्यंत गाडी सहज ओढत आणणारे इंजिन तेथे थांबते, गाडीच्या शेपटाला बँकर, म्हणजे मागून रेटणारी साहाय्यक इंजिने, जोडली जातात, आणि मगच गाडी पळसदरीकडे निघते. घाट चढून गेल्यावर बँकर सुटतात व पुढची गाडी घेण्यासाठी खाली परततात.

कर्जतच्या फलाटापुढे उभे असलेले इंजिन समर्थ आहे की असमर्थ, असा प्रश्न केल्यास दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. त्याची यंत्रणा, त्याचे वजन, त्याच्या चाकांची रुळावरील पकड यांत कल्याणपासून कर्जतपर्यंत काहीही बदललेले नसते. बदलतो तो पुढचा चढ. सामर्थ्य हा वस्तूच्या पोटात साठवलेला, कोठेही सारखाच राहणारा गुण नसून वस्तू, भार आणि वाट यांच्यातील संबंध आहे, असे येथे मान्य करावे लागते, आणि तेवढ्यापुरती बौद्धांची शंका सार्थ ठरते. परंतु इंजिन तेच राहते व सहकारी मिळताच कार्य घडते, हेही तितकेच उघड असल्यामुळे न्यायमताचा मूळ मुद्दा अबाधित राहतो.

उपकाराचा पेच सोडवण्यास बँकर मागे जोडण्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. सर्व इंजिने पुढे जोडली, तर संपूर्ण गाडीचा ताण इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यावर, येतो, आणि ओढ वाढवत नेल्यास गाडी चढण्याऐवजी ते कपलिंगच तुटण्याचा धोका निर्माण होतो. मागचे बँकर शेवटच्या वाघिणींचा भार रेटून घेतात, त्यामुळे पुढच्या कपलिंगवरचा ताण उतरतो. शिवाय एखादे कपलिंग तुटलेच, तर सुटलेल्या वाघिणींना उतारावरून मागे धावू न देण्यासाठी तेच आधार ठरतात. पुढच्या इंजिनाच्या शक्तीत या साऱ्याने तसूभरही भर पडत नाही. उपकार कारणावर होत नाही, तो भारावर होतो. मदत ही मदत घेणाऱ्याच्या ठायीच उतरली पाहिजे हे गृहीतक सोडले, की बौद्धांचा पेच सैल होतो, आणि कार्य एकट्या कारणातून नव्हे तर ‘सामग्री’तून, म्हणजे सर्व कारणांच्या एकत्र येण्यातून, निपजते या न्यायसिद्धान्ताचा अर्थ स्पष्ट होतो.

हाच विचार कर्तृत्वाला लावल्यास भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील भूमिका समोर येते. तेथे प्रत्येक कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली असून, ज्ञानेश्वरांनी त्यांचे सविस्तर विवरण केले आहे. जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी सदोष ठरवली आहे. तथापि कर्ता या पाचांतून वगळलेला नाही, हे विसरता कामा नये. कर्तृत्व ही वाटून घेतल्याने कमी होणारी ठेव आहे, अशी समजूत असल्यामुळेच माणूस एक तर सर्व श्रेय स्वतःकडे घेतो किंवा खोट्या नम्रतेने सर्व दैवावर ढकलतो. घाटातील गाडीत पुढच्या इंजिनाचे ओढणे बँकरमुळे खोटे ठरत नाही, आणि बँकरचे रेटणे कोणाला दिसत नाही म्हणून गौण ठरत नाही.

येथे जबाबदारीविषयी एक आक्षेप संभवतो. श्रेय अनेकांचे असेल तर दोषही अनेकांत विखुरला जाईल आणि शेवटी कोणीच उत्तरदायी राहणार नाही, अशी ही भीती आहे. घाटाच्या कार्यपद्धतीत तिचे उत्तर सापडते. जोर अनेक इंजिनांचा असला, तरी संपूर्ण गाडीच्या ब्रेकचे नियंत्रण पुढच्या चालकाकडे राहते, आणि मागचे चालक शिट्टीच्या ठरलेल्या खुणांनी व आता वॉकी-टॉकीवरून त्याच्याशी मेळ राखतात. शक्ती वाटली जाते, पण आवरण्याचा अधिकार व त्यामागचे दायित्व वाटले जात नाही. सहकारी कारणांची कबुली देणे आणि स्वतःचे उत्तरदायित्व नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घाटाच्या बांधकामाचा इतिहासही हाच निकष मागतो. त्याच्या नोंदींत मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव ठळकपणे येते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावल्यावर काम पुढे नेणाऱ्या त्यांच्या पत्नी ॲलिस यांचेही नाव येते. परंतु ऐन कामाच्या काळात डोंगरावर राबणाऱ्या हजारो मजुरांची, त्यांपैकी साथीच्या रोगांना बळी पडलेल्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. त्यांचा उल्लेख केल्याने बर्कलींचे कौशल्य उणे होत नाही, आणि न केल्यास घाटाच्या कारणांची यादी मात्र अपुरी राहते. सहकाऱ्याला गाळून लिहिलेला कर्तृत्वाचा हिशेब केवळ कृतघ्न नसतो, तो चुकीचा असतो.