जिन्याखालची सायकल

काल तुझ्या आईसमोर बोलले नाही. आज बोलते, आणि मध्ये तोंड घालायचं नाही.

"बाई, रोड बाइक घेतलीय, आता एमटीबी ठेवू की विकू?" असं विचारलंस ना? निघताना लिफ्ट सोडून मी मुद्दाम जिन्याने उतरले. तळाशी, मीटरच्या पेटीशेजारी तुझी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, दिसली. मागचं टायर रिमला चिकटलेलं, चेन तांबडी; बोट लावलं तर गंज हाताला आला, घरी येऊन साबणाने धुवावा लागला. आणि हँडलला झेंडूचा हार! अरे, जून चालू आहे. तो खंडेनवमीचा हार. म्हणजे आठ महिने त्या हँडलला कोणी हातसुद्धा लावलेला नाही. पूजा करताना तरी हवा भरली होतीस का? वर घरात मात्र नवी सायकल भिंतीला टांगलेली, देवाच्या तसबिरीपेक्षा उंच.

दहावीला घसा फोडून सांगत होते, उदाहरण आधी पूर्ण वाच. तू अजून उत्तराच्या पानापासूनच सुरुवात करतोस. सायकली एक की दोन, हे शेवटी येतं. कुठे चालवतोस, कोणत्या महिन्यात, किती वेगाने, हे आधी मांडायचं.

थांब, मीच मांडते. राहतोस मीरा रोडला. दारासमोर पेव्हर ब्लॉक, पुढे मेट्रोच्या खांबांखालचा खोदून बुजवलेला रस्ता, गटारांवर फटींची झाकणं. तुझं नवं टायर जेमतेम 25 मिलिमीटरचं. खड्ड्याची कड बसली की ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप डसल्यासारखी. घेतल्यापासून तीनदा पंक्चर झाली म्हणून रस्त्याला शिव्या देत होतास. रस्ता तोच होता की! तो न बघता सायकल कोणी घेतली?

आणि पावसाचं काय? तुझ्या रोड बाइकचे ब्रेक रिमवर दाबणारे. ओल्या रिमवर रबर लगेच धरत नाही, वर चिखलाची वाळू अडकली की रिम घासून खातं. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर, मागे कंटेनर लागलेला असताना हे ज्ञान होऊन उपयोग नाही. जिन्याखालच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, दोन इंची टायर आहे. म्हणजे चार महिने जी लागणार तीच तू विकायला काढलीस. शाबास.

"पण बाई, मला बीआरएम करायचीय." कर ना! ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलने संपवायचं, एवढंच. 200 किलोमीटरला 13 तास 30 मिनिटं मिळतात. भागाकार येतो ना अजून? ताशी पंधरासुद्धा होत नाही. गुळगुळीत टायर घालून एमटीबीवरही जमेल. 14 किलोचं धूड आहे, दम जास्त लागेल, हे कबूल. 300 ला 20 तास, 600 ला 40. तिथे रोड बाइकचा फायदा खरा, वाकून बसलं की वारा कमी अडवतो. म्हणून ती घेतलीस यावर माझा आक्षेपच नाही.

आक्षेप आहे तो तुझ्या "वेळ मिळत नाही"वर. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ आपले पेशंट सांभाळून सराव करायचे. 2015 साली त्यांनी रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे सुमारे 4,800 किलोमीटर, दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत संपवली. तुला घराजवळच्या उत्तनपर्यंत जाणं होत नाही.

ही माउंटन बाइक मुळात आली कुठून, माहीत आहे? सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. तिथल्या एका उताराचं नाव रिपॅक. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि परत भरावं लागायचं, म्हणून. त्यांनी भंगारातून सायकल उभी केली. तू उलटा कारभार चालवलायस.

तर ऐक. एमटीबी ठेवायची. जून ते सप्टेंबर तीच, दिवाळीनंतर हवी तर दुसरी. मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीचा चढ, पुढे उत्तन, जमलं तर चौकला धारावीच्या किल्ल्यापर्यंत. 1739 साली वसईच्या आधी मराठ्यांनी हेच धारावी बेट घेतलं होतं. इतिहासातही तू काठावरच होतास, म्हणून सांगते. परत आलास की सायकल गोड्या पाण्याने पुसून चेनला तेल. तिथला वारा खारा आहे, उद्यावर टाकायचं नाही.

खंडेनवमीपर्यंत वीस फेऱ्या झाल्या नाहीत, तर ती वॉचमनच्या पोराला द्यायची. विकायची नाही, त्या गंजाला भाव कोण देणार? तो पोरगा रोज शाळेत चालत जातो.

आज दुपारी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन जिन्याखाली बस. तो हार आधी काढ. रविवारी सकाळी साडेपाचला भाईंदर पश्चिमेला, स्टेशनबाहेर. पंप आण. पाच पस्तीसला आलास तर मी निघून गेलेली असेन.