आधी आधार, मग जबाब

लैंगिक अत्याचार झालेली बाई रुग्णालयात पोहोचते तेव्हा तिला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावरून त्या राज्याची नीती ओळखावी. ‘कुठे दुखतंय?’ असे विचारले, तर सरकार तिला माणूस मानते. ‘पोलिसांत गेली होतीस का?’ असे विचारले, तर तिची किंमत खटल्यातल्या साक्षीपुरतीच आहे.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातले लंडन शहर या बाबतीत बरेच काही शिकवते. फेब्रुवारी 2017 मध्ये ‘ग्लोब अँड मेल’च्या पत्रकार रॉबिन डूलिटल यांनी देशभरातल्या पोलिसांची आकडेवारी बाहेर काढली. लैंगिक अत्याचाराच्या पाचांतली जवळपास एक तक्रार ‘निराधार’ ठरवून बंद केली जात होती. 2010 ते 2014 या काळात लंडनमध्ये हे प्रमाण 30 टक्के होते. धीर करून ठाण्याची पायरी चढलेल्या दहांपैकी तिघींच्या फायलीवर ‘असे काही घडलेच नाही’ असा शेरा पडत होता. पुढे पोलीसप्रमुखांनी माफी मागितली, जुनी प्रकरणे पुन्हा तपासली गेली आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांना पोलिसांच्या फायली वाचून चुका दाखवण्याचा अधिकार मिळाला.

हे चांगलेच झाले, पण एवढ्याने भागत नाही. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याच्या 2019 च्या पाहणीनुसार शंभरांतल्या जेमतेम सहा घटना पोलिसांपर्यंत जातात. उरलेल्या 94 घटनांतल्या माणसांनी कुठे जायचे?

त्याचे एक उत्तर लंडनच्या सेंट जोसेफ रुग्णालयात आहे. तिथल्या लैंगिक अत्याचार उपचार केंद्रात खास प्रशिक्षित नर्स रात्री-अपरात्रीही मिळते. ती प्रत्येक तपासणीआधी परवानगी विचारते आणि ‘नको’ म्हटले की तिथेच थांबते. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि 72 तासांच्या आत सुरू करावे लागणारे एचआयव्ही-प्रतिबंधक औषध, हे सारे तक्रारीशिवाय मिळते. कपडे कागदी पिशवीत घालतात, कारण प्लास्टिकमध्ये दमट राहून पुरावा नासतो. पोलिसांकडे जायचे की नाही हे ठरलेले नसेल, तर ते नमुने सीलबंद करून काही काळ जपून ठेवता येतात. म्हणजे तिला विचार करायला सवड मिळते आणि न्यायाची वाटही बंद होत नाही.

प्रांतिक सरकारने 2015 च्या कृती आराखड्यात आणि 2016 च्या कायद्यात हाच धागा पुढे नेला. दिवाणी दाव्याची मुदत काढून टाकली, प्रत्येक कॉलेजला लेखी धोरण बंधनकारक केले आणि वकिलाचा चार तासांपर्यंतचा मोफत सल्ला सुरू केला. त्यासाठीही तक्रारीची अट नाही. मात्र पुढच्या सरकारने 2019 मध्ये गुन्हेपीडितांच्या भरपाई मंडळाचे दार नव्या अर्जांना बंद केले आणि तातडीच्या खर्चापुरती मदत ठेवली. धोरणे कितीही सुंदर असली, तरी अंदाजपत्रकात त्यांचे पाय तोडता येतात.

तक्रारीच्या अटीबाबत महाराष्ट्रात गोष्ट नेमकी उलट आहे. 2013 साली सुरू झालेल्या ‘मनोधैर्य’ योजनेतली मदत पुढे दहा लाखांपर्यंत वाढली, पण ती पोलिसांतल्या गुन्हा नोंदीशी बांधलेली आहे. कायद्याने प्रत्येक रुग्णालयाला, खासगीलाही, मोफत उपचार सक्तीचे केले आणि त्याच कलमात पोलिसांना तत्काळ कळवणेही सक्तीचे केले. अज्ञान मुलांच्या बाबतीत ते समजू शकते. पण सज्ञान बाईला ही सक्ती उपचारापासूनच दूर ठेवते. गावात ठाणे म्हणजे बोभाटा, हे कोणाला सांगायला नको.

‘मग गुन्हेगार मोकाट सुटतील’ असा आक्षेप येतो. पण ती रुग्णालयात आलीच नाही, तर पुरावा तरी कुठून येणार? खटल्याची गतीही पाहा. 2018 सालच्या एका आरोपावरून पाच हॉकीपटूंवर लंडनमध्ये चाललेल्या खटल्यात जुलै 2025 मध्ये सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. आरोपीच्या हक्कासाठी पुराव्याची कसोटी कडक हवीच. पण घटनेपासून निकालापर्यंत सात वर्षे लागणार असतील, तर औषध आणि समुपदेशन त्या निकालाला कसे बांधायचे?

हा विचार आपल्याला परका नाही. 1863 साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप येऊन सुखरूप बाळंत होता यावे म्हणून. दोष कोणाचा, ही चौकशी त्यांनी दाराशी ठेवली नव्हती. 2000 साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उघडले, तेही हिंसेने गांजलेल्या बायकांना रुग्णालयातच आधार मिळावा म्हणून. हीच रीत तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत गेली पाहिजे.

समाजानेही आपले काम ओळखावे. लंडनच्या वेस्टर्न विद्यापीठात किंवा फॅनशॉ कॉलेजात शिकणाऱ्या मराठी मुलीचा रात्री फोन आला, तर ‘व्हिसाचं काय होईल? आईबाबांना काय सांगशील?’ हे तिथल्या ओळखीच्या काकूंनी नंतर विचारावे; आधी गाडी काढून तिला सेंट जोसेफला न्यावे.

सज्ञान स्त्रीच्या लेखी संमतीशिवाय पोलिसांना कळवायचे नाही, अशी दुरुस्ती आपल्या कायद्यात व्हायला हवी. तक्रार करायची का आणि केव्हा, हे तिने ठरवावे. ती येईल तेव्हा नर्स हजर असेल, कपाटात औषध असेल आणि पुढच्या वर्षीही समुपदेशकाचा पगार निघेल, एवढे सरकारने पाहावे.