आशिया खंडातील कोल्हापूर

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. सैबेरियातल्या थंडीचं वर्णन मी सुरू केलं की मुलं कुडकुडायची. (मुख्याध्यापकांच्या मते ती हसू दाबत असायची, पण ते गणिताचे होते.) प्रत्यक्षात माझी धाव मात्र उत्तरेला दिल्ली आणि दक्षिणेला बेळगाव, एवढीच. 'आशिया हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा खंड आहे' हे वाक्य मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल. पण आपलं कोल्हापूरही त्याच खंडात येतं, याची आठवण मला झाली ती निवृत्तीनंतर, आणि तीही नातीमुळं.

दिवाळीच्या सुट्टीत सूनबाई नातीला घेऊन पुण्याहून आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीनं विचारलं, "आजोबा, इथं चांगलं एशियन फूड कुठं मिळतं?"

घरात पिठलं रटरटत होतं, तव्यावर ज्वारीची भाकरी टम्म फुगली होती आणि खलबत्त्यात ठेचा तयार होता. मी माझ्या विषयाला शोभेल असं उत्तर दिलं. "हे बघ, आशिया खंडात कोल्हापूर, कोल्हापुरात आपलं घर, घरात आजी, आजीच्या तव्यावर भाकरी. म्हणजे हे एशियन फूडच झालं की नाही?"

नात माझ्याकडं बघत राहिली. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. दहावी 'ड' मध्ये असे साठ चेहरे असायचे.

"बाबा, तिला चायनीज, थाई असलं काहीतरी म्हणायचंय," सूनबाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं.

म्हणजे आपण सोडून उरलेला तो आशिया! ही व्याख्या माझ्या वेळच्या क्रमिक पुस्तकात नव्हती. पण नातीपुढं क्रमिक पुस्तकाचं काय चालणार? मी पायात चपला सरकवल्या.

आमचं घर कळंब्याच्या बाजूला. प्लॉट घेतला तेव्हा चारी बाजूंना ऊस होता. आता चारी बाजूंना उपनगर आहे. तांबडा-पांढरा रस्सा कुठं चांगला मिळतो, हे इथं झोपेतून उठवून विचारलं तरी कुणीही सांगेल. पण हा प्रश्न नवा होता. म्हणून शेजारच्या आप्पांना गाठलं. आप्पा जुने तालमीतले.

"एशियन?" आप्पा विचारात पडले. "ते भिंतीला लावायचं असतंय न्हवं?"

मी खुलासा केला.

"मग तसं बोला की! कोपऱ्यावर त्यो चिनी हाय. लई भारी करतोय."

कोपऱ्यावर लाल रंगाचा गाडा होता. गाड्यावर ड्रॅगन काढलेला होता. चिनी ड्रॅगनला मिशा असतात हे मला ठाऊक आहे, पण ह्याच्या पिळदार होत्या. पेंटरनं आधी एखादी तालीम रंगवलेली असणार. खाली पदार्थांची यादी होती: मंच्युरियन, शेजवान, हाक्का, सिंगापुरी आणि शेवटी चायनीज भेळ. ती वाचून माझ्यातला भूगोलाचा शिक्षक खडबडून जागा झाला. मांचुरिया म्हणजे चीनचा ईशान्य भाग. कडाक्याची थंडी, कोळसा, लोखंड, सोयाबीन. शेजवान म्हणजे सेचवान, पश्चिमेकडचा प्रांत, डोंगरांनी वेढलेला. हाक्का हा तर प्रांतच नव्हे. तो दक्षिण चीनमधला एक जनसमूह.

गाड्यामागं तिशीतला एक तरुण भल्यामोठ्या आचेवर कढई उडवत होता. मी माझ्या खास हिंदीत विचारलं, "तुम चीन में किस प्रांत का है?"

त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. "तिकडचाच की, गुरुजी. काय देऊ, हाफ का फुल्ल?"

चीनच्या कुठल्या प्रांतात असं बोलतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. मी मंच्युरियनमध्ये अडकलो होतो. "मांचुरियात हा पदार्थ कुणी खात नाही," मी जाहीर केलं.

"मग त्यास्नी एक पार्सल पाठवा की!" रांगेतून आवाज आला.

मी चिडून, पण पार्सल घेऊन, घरी आलो. नातीनं ते मिटक्या मारत खाल्लं. माझं मात्र समाधान होईना. मी सूनबाईंना फोनवर शोधायला लावलं, तेव्हा कळलं की हा पदार्थ मुंबईचा! नेल्सन वँग नावाचे चिनी वंशाचे, पण कोलकात्यात जन्मलेले आचारी होते. 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकानं त्यांच्याकडं काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. म्हणजे जातीनं आलं-लसूण-मिरची, आणि नाव मांचुरियाचं.

"ही शुद्ध फसवणूक आहे," मी म्हणालो. "जे नाही ते आहे म्हणून विकणं नीतीला धरून नाही."

आमची ही ताटं उचलता उचलता म्हणाली, "आणि दिल्लीत तुम्ही काय केलंत?"

बायकांची स्मरणशक्ती ही देवानं नवऱ्यांच्या नीतिमत्तेसाठीच निर्माण केली असावी. दिल्लीला आम्ही माझ्या एका जुन्या स्नेह्याकडं उतरलो होतो. त्यांनी आम्हाला हौसेनं हॉटेलात नेलं आणि आमच्या सन्मानार्थ 'व्हेज कोल्हापुरी' मागवली. लालभडक तेलात कोबी, गाजर आणि फरसबी पोहत होती. ह्या नावाची भाजी आमच्या वाड्यात कधी शिजली नाही. आमच्या आईनं ती बघितली असती तर आधी तेल निथळून परत डब्यात भरलं असतं. पण स्नेह्यांनी विचारलं, "क्यों, बिलकुल आपके घर जैसी है ना?" आणि मी म्हणालो, "बिलकुल!"

"तो पोरगा निदान पोटासाठी म्हणतोय," ही म्हणाली. "तुम्ही तर फुकट म्हणालात. आणि असलीचं एवढं असेल तर येत्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी मागू नका."

"तिचा काय संबंध?"

"मागं तुम्हीच सांगितलं होतंत."

सांगितलं होतं खरं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथलाच आणि मिरचीही अमेरिकेतलीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात ती आपल्याकडं आली. म्हणजे विठोबाच्या नावानं आपण जो उपास करतो, त्यात जिरं आणि तूप सोडलं तर सगळा अमेरिकेचा नकाशाच ताटात असतो. आणि ज्या मिरचीवर कोल्हापूर मिशीला पीळ देतं, ती छत्रपतींच्या जन्माआधी फार तर शंभरेक वर्षं ह्या देशात आलेली पाहुणी!

त्या रात्री मला झोप लागली नाही. नीतीचा विचार करत होतो, असं म्हणायला आवडलं असतं. पण थोडा दोष मंच्युरियनचाही असावा. पदार्थाला गाव नसतं, हे मी मान्य केलं. ज्यानं केला आणि ज्यानं मिटक्या मारत खाल्ला, त्या दोघांचा तो. मग खोटं नेमकं कुठं होतं? की कुठंच नव्हतं?

त्याचं उत्तर दोन दिवसांनी पावसानं आणून दिलं. परतीचा पाऊस असा कोसळला की कोपऱ्यावरचा गाडा ढकलत ढकलत तो तरुण आमच्या पोर्चमध्ये आला. वीज गेलेली. हिनं कंदील लावला आणि त्याला आत बोलावलं. तो आत येईना. पायरीवरच बसून त्यानं आपला डबा उघडला. भात, डाळ आणि काळपट हिरवी कसलीतरी आंबट भाजी.

"हे काय? चायनीज नाही खात तू?" नातीनं विचारलं.

"रोज इकतोय, त्ये रोज कसं खायाचं?" तो हसला.

ती भाजी म्हणजे गुंद्रुक. मुळ्याचा, मोहरीचा पाला आंबवून, वाळवून ठेवायचा आणि लागेल तसा शिजवायचा. नेपाळात घरोघरी करतात. हिनं चमचाभर चाखली आणि म्हणाली, "चुक्यासारखी लागते की रे!" मग आमची आमटी त्याच्या भातावर गेली आणि त्याचं गुंद्रुक आमच्या पानात आलं.

"म्हणजे तू नेपाळचा?" मी विचारलं.

"अछाम जिल्हा. धा वर्षं झाली हिकडं येऊन."

"मग मला चीनचा म्हणून का सांगितलंस?"

"तुम्हीच इचारलं न्हवं, चीनमधी कुठला? आदी मी खरं सांगायचो. लोक म्हणायचे, मग तुला चायनीज काय येणार? मग व्हय म्हणाय लागलो. धंदा वाढला." तो जरा थांबला. "फक्त करोनाच्या साली वंगाळ गेलं. म्हणायचे, ह्यो रोग तूच आणलास. सात-आठ महिने गाडा लावू दिला न्हाई. वसाहतीनं अर्ज केला हुता."

तो अर्ज मला आठवला. सेक्रेटरी घेऊन आले होते. आरोग्याला धोका, परदेशी माणूस, वगैरे. सही करताना मी फक्त पेन चालतं की नाही एवढंच बघितलं होतं. तीस वर्षं ज्यानं नेपाळच्या चतुःसीमा मुलांकडून पाठ करून घेतल्या, त्यानं हा परदेशी माणूस कुठला, एवढंही विचारलं नव्हतं. ही माझ्याकडं बघत होती. कंदिलाचा उजेडही कधीकधी फार होतो.

"त्या अर्जावर माझीही सही होती," मी कसंबसं म्हणालो.

"ठावं हाय. मी वाचला हुता अर्ज. आमची नेपाळी बी देवनागरीच की. तुमचं अक्षर लई चांगलं हाय, गुरुजी."

माझ्या अक्षराची तारीफ अनेकांनी केली आहे. इतकी जिव्हारी कुठलीच लागली नाही.

मला मग 1962 साल आठवलं. चीनशी युद्ध झालं, तेव्हा आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना पकडून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यांत म्हातारे होते, लहान मुलंही होती. काहींना तिथं काही वर्षं काढावी लागली. पुढं ह्याच समाजातल्या आचाऱ्यांनी शिकवलेल्या चवी गल्लोगल्ली पसरल्या आणि आपण त्या मिटक्या मारत आपल्याशा केल्या. नूडल्सना आपण नागरिकत्व देऊन टाकलं. माणसांच्या बाबतीत मात्र कागदपत्रं तपासत बसलो.

आता मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागलं. दिल्लीत मी खोटं बोललो आणि कोपऱ्यावर तोही खोटं बोलला. पण दोन्हींत फरक होता. स्नेह्यांनी भाजीबद्दल विचारलंच नव्हतं. 'मी तुमची हौस नीट केली ना?' हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला माझं 'बिलकुल' हे खरं उत्तर होतं. कोपऱ्यावर मात्र मी प्रश्नच असा विचारला की त्याला खरं उत्तर परवडू नये. त्याच्या चेहऱ्याकडं बघून गाव मीच ठरवलं आणि वर सहीही केली. मंच्युरियनवरचं मांचुरिया कुणाला इजा करत नाही. माणसावर चिकटवलेलं चीन करतं. खोटं तो बोलला, पण बोलवलं आम्ही.

निघताना मी त्याला नाव विचारलं. कोपऱ्यावर इतकी वर्षं गाडा लावणाऱ्या माणसाला सगळी वसाहत 'चिनी' म्हणते, अर्जातसुद्धा नाव नव्हतं. त्यानं सांगितलं. ते इथं लिहीत नाही, कारण त्याला न विचारता त्याच्याबद्दल लिहिण्याचं काम आम्ही एकदा केलेलं आहे.

पुढच्या रविवारी त्याला जेवायला बोलावलं. नातीची थाई सूपची मागणी शिल्लक होती. सूनबाईंनी कृती वाचायला घेतली. मटणाचं किंवा कोंबडीचं पाणी, नारळाचं दूध, आलं, मिरची.

"हा तर पांढरा रस्साच!" ही म्हणाली.

"आई, पण त्यात लेमनग्रास लागतं. ते कुठून आणायचं?"

फोनवर त्याचं चित्र निघालं. बघतो तर गवती चहा! तो आमच्या न्हाणीघराच्या पाण्यावर मागच्या दारी वीस वर्षं माजलेला. सर्दी झाली की काढ्यात घालायचा, एवढाच आमचा आणि त्याचा संबंध. हिनं अळणी पाण्यात त्याच्या दोन काड्या ठेचून घातल्या, वरून नारळाचं दूध सोडलं आणि शेवटी लिंबू पिळलं. घरभर असा वास सुटला की आप्पा कुंपणावरून म्हणाले, "काय चाललंय? कुणाला सर्दी झाली काय?"

पानं वाढली. नात म्हणाली, थाई आहे. ही म्हणाली, पांढरा रस्सा आहे. मी ह्या वेळी भूगोलात पडलो नाही. पाहुण्याला फक्त विचारलं, "कसं झालंय?"

त्यानं वाटी ओठाला लावली, एक घोट घेतला आणि हिच्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "काकी, मीठ कमी हाय."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य उच्चारायचं धैर्य मला कधी झालं नाही. मी घाबरून हिच्याकडं पाहिलं.

ही उठली, मिठाचा डबा घेऊन आली आणि त्याच्यापुढं ठेवत म्हणाली, "घे रे बाबा. तुझ्या हातानं घाल."